अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात ९०-९५ टक्के मुलींना सोरोरिटी (निवडून सभासद घेणारी विद्यार्थिनींची संघटना) मिळते म्हणतात, मग इंडियाना विद्यापीठाचा आकडा कमी का? तुलना कशी करायची?

आधी टक्केवारी कशाची आहे ते बघा. समजा १००० मुलींनी नाव नोंदवलं, २०० जणी मधेच गळल्या, निवडीच्या शेवटच्या फेरीला ८०० उरल्या आणि ७८० जणींना बिड (सभासद होण्याचं आमंत्रण) मिळाली. विद्यापीठ ९७.५ टक्के सांगणार, पण नोंदणीवर मोजलं तर ७८ टक्केच. आणि गळलेल्या सगळ्या काही कंटाळून जात नाहीत. आवडत्या दोन-तीन घरांनी (म्हणजे सोरोरिटींनी) वगळलं की सकाळी पुढच्या फेरीच्या बोलावण्यांची यादी हातात घेऊन रडत बॅग भरणाऱ्याही असतात.

दुसरं म्हणजे कोटा, म्हणजे एक घर किती नव्या मुली घेणार तो आकडा. अलाबामात दरवर्षी दोन हजारांवर मुली उतरतात, पण त्या प्रमाणात प्रत्येक घराचा कोटाही फुगतो. शेवटच्या फेरीपर्यंत टिकून सगळे पर्याय लिहिले तर कुठेतरी जागा मिळतेच. एकाच घराचं नाव लिहिलं तर ती हमी गेली. इंडियानात मात्र घरातल्या खाटांवर कोटा बांधायची जुनी रीत होती. खाटा मोजक्या, इच्छुक भरपूर.

वेळही वेगळी. अलाबामात ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधीच सगळं उरकतं. इंडियानात मुख्य फेऱ्या हिवाळ्यात, म्हणजे पहिल्या सत्राचे गुण हातात आल्यावर. तिथे गुणांनीच कितीतरी जणींचा पत्ता कट होतो.

म्हणून मी तरी दोनच आकडे मागेन: नोंदणी किती आणि बिड स्वीकारलेल्या किती. टिकटॉकवरचे बिड डेचे (बिड मिळण्याच्या दिवसाचे) व्हिडिओ सोडा, गळलेल्या मुली त्यात दिसत नाहीत.