रिकामी पिकअप फार उडते. पाटा काढावा की शॉकअप बदलावेत?

आपला प्रश्न असा आहे की, जुनी घेतलेली पिकअप माल भरल्यावर बरी चालते, परंतु रिकामी असताना इतकी उडते की वयस्कर आईला शेजारी बसवून दवाखान्यात नेणेही अवघड झाले आहे. तेव्हा मागचा एक पाटा (चाकावरच्या कमानी स्प्रिंगची एक पोलादी पट्टी) काढावा की शॉकअप (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) बदलावेत. माझे मत स्पष्ट आहे. आधी मागचे पाटे मोजा आणि आपल्या मॉडेलला कंपनीने किती दिले होते ते ताडून पाहा. आमच्या कोल्हापूर भागात वीट आणि वाळू वाहिलेल्या जुन्या गाडीत मागच्या मालकाने जादा पाटा घातलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो निघाला तर निम्मे दुखणे तिथेच सापडले असे समजा.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण या जादा पाट्यावरून आमच्या घरात मोठा वाद झाला आहे. आमच्या थोरल्या बंधूंनी विटांच्या हंगामासाठी घरच्या पिकअपला दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवून घेतला होता. मी त्याच गाडीतून गणेशोत्सवाच्या आधी गणेशमूर्ती कोकणात पोहोचवत असे. कोल्हापुरातल्या बापट कॅम्प या कुंभारांच्या वसाहतीतून मूर्ती भरायच्या, कळे, साळवण, गगनबावडा करत करूळ घाट उतरायचा आणि वैभववाडीत द्यायच्या. मूर्तींनी हौदा भरलेला दिसतो, पण वजन फारसे नसते. पाट्यांच्या दृष्टीने गाडी जवळजवळ रिकामीच. त्यात पावसाळ्याच्या शेवटी गगनबावड्याच्या रस्त्याची काय अवस्था असते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी वैभववाडीत ताडपत्री काढली, तेव्हा कुठे सोंडेला तडा गेला होता, कुठे हाताची बोटे निखळली होती. खंडित मूर्ती कोणी पूजेला घेत नाही. दादांनी सारा दोष मूर्तिकारावर ठेवला: पेंढा कमी घातला, बांधणी सैल केली. त्या मूर्तिकाराने प्रत्येक मूर्तीच्या तळाशी आणि पाठीशी पेंढा दाबून बसवलेला मी स्वतः पाहिला होता. महिनोन्‌महिने राबलेल्या माणसाला असा बोल लावणे मला तेव्हाही सहन झाले नाही आणि आजही होत नाही.

पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिमी जाडीच्या पाट्याच्या जागी १० मिमीचा घेतला, तर तो जवळपास दुप्पट ताठ होतो. टनभर ओझ्यासाठी घडवलेले पाटे रिकाम्या गाडीखाली मुळातच फारसे वाकत नाहीत. शिवाय पाट्यापाट्यांत गंज आणि चिखल साचला की लहान धक्क्याला ते एकमेकांवर सरकतच नाहीत आणि सगळा संच एखाद्या ठोकळ्यासारखा वागतो. मग धक्का झेलायला उरतात फक्त टायर, आणि टायर चेंडूप्रमाणे गाडी परत वर फेकतात. शॉकअपचे काम ही उसळी जिरवण्याचे. पण ते कंपनीच्या पाट्यांच्या हिशेबाने बनवलेले असतात, त्यामुळे वाढवलेल्या पाट्यापुढे ते अपुरे पडतात.

पुढच्या हंगामाआधी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते जादा पाटे काढून घेतले, उरलेला संच उघडून घासून साफ करवला, शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश आणि मागचे दोन्ही शॉकअप नवे बसवले. मूर्तिकार तोच, पेंढा तसाच, रस्ताही तोच. मूर्ती मात्र अखंड पोहोचल्या. दादा अजूनही म्हणतात की, हौद्यात वाळूची पोती टाकली असती तरी हेच झाले असते. पोत्यांनी गाडी बसते, हे खरे आहे. परंतु ते वजन प्रत्येक फेरीला डिझेल खाते, मालाची जागा अडवते आणि घाटात ब्रेक मारल्यावर न बांधलेले पोते पुढे सरकते. त्यांच्या म्हणण्यातून मूर्तिकार दोषी ठरत नाही, एवढे तरी त्यांनी मान्य करावे.

आपल्या गाडीबाबत पहिले काम टायरमधल्या हवेचे करा, कारण त्याला खर्च नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिले असतील, तर रिकामी फिरताना भरलेल्या गाडीची हवा ठेवू नका. मात्र दिलेल्या आकड्याखाली मुळीच जाऊ नका. मग मागच्या बंपरवर उभे राहून एकदम खाली उतरा. गाडी एखाद-दुसऱ्या झोक्यात न थांबता हलत राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर जोडीने बदला; एकच बदलू नका. टायरच्या नक्षीवर जागोजाग खळगे पडले असतील, तर तेही बहुधा शॉकअप गेल्याचेच लक्षण असते.

कंपनीचा मूळ पाटा मात्र काढू नका, कोणी कितीही सुचवले तरी. गाडी मागे खाली बसते, हेडलाइटचा झोत वर जातो, आणि ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्यानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे त्याचा हिशेबही बिघडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना आडवे येते. जादा पाटा काढलात, तर पूर्वीइतके जास्तीचे ओझे त्या गाडीत पुन्हा घालता येणार नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि सारे करूनही ती मोटारीइतकी मऊ चालणार नाही. आईंसाठी सीटचा दबलेला फोम बदलून घ्या. काम झाल्यावर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसायला सांगा, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्या.