तीन लेट मार्कला अर्धा दिवस: हा नियम काढून काय लावायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मरोळला ३८ जणांचं ऑफिस, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी पावणेसात, त्यात ४५ मिनिटं जेवणाची. चार महिन्यांपूर्वी बायोमेट्रिक मशीन बसवलं, १० मिनिटांची सवलत ठेवली आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायला सुरुवात केली. उशीर कमी झाला नाही, हाफ डे मात्र वाढले. मालकांचं म्हणणं, नियम सैल केला तर शिस्त जाईल. आता काय करायचं?

कापाकापी बंद करा आणि यायची मिनिटं मोजण्याऐवजी भरलेले तास मोजा. ठरलेली वेळ फक्त अशा जागांना ठेवा, जिथे दुसरं कुणी आपली वाट बघत उभं असतं. शिस्त याने जात नाही, पण हे नीट बसवावं लागतं. नुसतं 'उद्यापासून फ्लेक्सी टायमिंग' असं ग्रुपवर टाकून भागत नाही.

आधी पैशांचा हिशेब करा, म्हणजे मालकांशी बोलणं सोपं जाईल. महिना २६,००० पगार आणि २६ दिवस धरले तर दिवसाचे १,००० रुपये, ८ तासांचे म्हणजे ४८० मिनिटांचे. एखादा माणूस तीन दिवस १०:१२ ला आला, तर एकूण ३६ मिनिटं बुडाली. त्या वेळाची किंमत ७५ रुपये. तुम्ही कापता ५००. हे अन्यायाचं आहेच, शिवाय कायद्यातही बसत नाही. वेतन प्रदान अधिनियम १९३६ च्या कलम ९ मध्ये स्पष्ट होतं की गैरहजेरीची कपात ही गैरहजर वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त असता कामा नये, आणि वेतन संहिता २०१९ मध्येही तेच तत्त्व कायम आहे. ७५ च्या वरची रक्कम दंड म्हणून दाखवू, असं कुणी सुचवेल. दंडाला त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे, कोणत्या चुकीला दंड होईल याची यादी सरकारकडून मंजूर करून लावावी लागते आणि आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. 'पगार नको तर अर्धी सीएल (किरकोळ रजा) कापा' हा मार्गही बरा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा हा कामगाराचा हक्क आहे, आणि ३६ मिनिटांसाठी चार तासांची रजा घेणं हा तोच हिशेब वेगळ्या खात्यात लिहिणं झालं.

हाफ डे का वाढले, हेही यातच आहे. तिसऱ्या लेट मार्कच्या दिवशी १०:११ वाजले की त्या माणसाचा अर्धा दिवस गेलाच. मग धावतपळत १०:१५ ला येऊन फुकट राबण्यापेक्षा तो दोन वाजता येतो. तुमच्या नियमानेच त्याला तसं शिकवलं.

आता उशिराकडे या. मुंबईत उशीर मिनिटामिनिटाने वाढत नाही, गाडीगाडीने वाढतो. बदलापूरहून निघालेल्याची नेहमीची गाडी चुकली की आत शिरता येईल अशी पुढची गाडी पंधरावीस मिनिटांनी. मग घाटकोपरला उतरून पुलावरच्या गर्दीतून मेट्रो १ ची रांग, आणि तिथून मरोळ नाका. विरारहून येणाऱ्याचं तेच, फक्त बदल अंधेरीला. अशा माणसासमोर दोनच वेळा असतात: ९:५५ किंवा १०:१४. मधलं १०:०० त्याच्या हातात नसतं. दहा मिनिटांची सवलत म्हणूनच कामाची नाही. ती साकीनाक्याहून चालत येणाऱ्याच्या उपयोगाची, तासभर लोकलमध्ये उभं राहणाऱ्याच्या नाही.

नियम बदलण्याआधी मशीनमधली मागच्या आठ आठवड्यांची नोंद काढा. एक्सेलमध्ये प्रत्येक माणसापुढे वार, आत येण्याची वेळ आणि आदल्या दिवशी बाहेर पडण्याची वेळ, असे रकाने ठेवा. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कुणी बघतच नाही, आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो. उशिराचे साधारण चार प्रकार दिसतील. बऱ्याच जणांचा ५ ते २० मिनिटांचा विखुरलेला उशीर, तो प्रवासाचा. ठरावीक वारी येणारा उशीर, त्यामागे बहुधा घरचं काही असतं: मुलाची शाळा, आईवडिलांचं डायलिसिस, पाण्याची वेळ. आदल्या रात्री नऊला निघालेल्याचा दुसऱ्या दिवशीचा उशीर, तो तुमच्या कामाच्या वाटपाचा. आणि एखाददुसऱ्या माणसाचा रोजचा तास-पाऊण तास. चौघांना एकच नियम लावला की पहिल्या तिघांना शिक्षा होते आणि चौथा तसाच राहतो.

मशीन कुठे लावलंय तेही बघा. सातव्या मजल्यावर दाराशी मशीन आणि खाली दोनच लिफ्ट असतील, तर ९:५० ते १०:०५ मध्ये सात-आठ मिनिटं लिफ्टच्या रांगेतच जातात. माणूस इमारतीत वेळेवर, नोंदीत उशिरा. पावसाळ्यात ओल्या बोटाचा ठसा पटकन उठत नाही, तीनतीनदा बोट टेकवावं लागतं. मशीनचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी महिन्यातून एकदा जुळवा. चार-पाच मिनिटं पुढे गेलेलं घड्याळ महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या ऑफिसला बसेल अशी रचना देतो. आत येण्याची खिडकी ९:०० ते १०:४५. सगळ्यांनी हजर असायची सामायिक वेळ ११:०० ते ५:००. जेवणासह दिवस पावणेनऊ तासांचा, म्हणजे ९ ला आलेला ५:४५ ला सुटेल आणि १०:४५ ला आलेला ७:३० ला. हिशेब दिवसाचा ठेवू नका, आठवड्याचा ठेवा: पाच दिवसांचे ४० तास. कुणी बुधवारी ४० मिनिटं कमी भरली तर शुक्रवारी भरून काढेल. आठवड्याअखेर २ तासांपर्यंतची तूट पुढच्या आठवड्यात नेता येईल, त्यापुढे नाही. दोन आठवड्यांत भरली नाही तर जेवढे तास कमी तेवढाच पगार कमी, एक मिनिटही जास्त नाही. आत येतानाचा आणि बाहेर पडतानाचा, मशीनवरचे दोन्ही पंच हवेत. एक पंच राहिला तर दोन कामाच्या दिवसांत ईमेलने दुरुस्ती कळवायची आणि वरिष्ठाने हो म्हटलं की ती लागली. हजेरीचा महिना आदल्या महिन्याच्या २६ तारखेपासून चालू महिन्याच्या २५ पर्यंत धरा. म्हणजे दुरुस्त्यांना वेळ मिळतो आणि पगार ७ तारखेच्या आत बिनबोभाट जातो.

उलट बाजूही लिहून ठेवा. ज्यांना जादा कामाचा दुप्पट दर कायद्याने लागू आहे, त्यांचे तुम्ही सांगून करून घेतलेले जास्तीचे तास 'पुढच्या आठवड्यात लवकर जा' म्हणून मिटवता येत नाहीत. स्वतःच्या सोयीने मागेपुढे केलेले तास वेगळे आणि तुम्ही सांगून करून घेतलेले वेगळे. नोंदीत या दोघांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर वर्षभराने कुणालाच उलगडत नाही. खिडकी रात्रीकडे सरकू देऊ नका, कारण महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घरापर्यंत वाहन हे सगळं द्यावं लागतं.

ज्या जागा हलवता येत नाहीत, त्या वेगळ्या काढा: रिसेप्शन, ग्राहकांचे फोन, डिस्पॅच, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो. इथे फोन १० ला वाजणार म्हणजे १० ला माणूस हवाच. पण '१० ला यायचं' हा नियम एका माणसावर न टाकता जागेवर टाका. दोन माणसांच्या जागेसाठी तिघांना ते काम शिकवा, पंधरवड्याचं वेळापत्रक आधी लावा, पहिल्याने ९:३० ला यायचं आणि दुसऱ्याने १०:१५ ला. अदलाबदल त्यांची त्यांनी करावी, फक्त आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवावं. बहुतेक ऑफिसांत हे इथेच फसतं: लवचिक वेळ अकाउंट्सला मिळते, डिस्पॅचला नाही, आणि डिस्पॅचच्या पोरांना वाटतं आपण खालचे. त्यांना वेळ देता येत नसेल तर दुसरं काही द्या. महिन्यातून एक जादा सुट्टी किंवा जागेचा वेगळा भत्ता, पण पत्रात लिहून.

पावसाचा नियम वेगळाच हवा, आणि तो मे महिन्यात ठरलेला हवा. निर्णय कोण घेणार त्याचं नाव, ती व्यक्ती नसेल तर दुसरं नाव. निर्णय सकाळी सव्वासहाच्या आत ग्रुपवर, कारण साडेसहाला कर्जत-बदलापूरचा माणूस घराबाहेर पडलेला असतो. आठ वाजता आलेला 'आज घरून काम करा' हा मेसेज त्याला ठाण्याच्या फलाटावर मिळतो. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर ज्यांचं काम घरून होतं त्यांनी यायचं नाही. ऑरेंज असेल तर ज्याचं त्याने ठरवायचं आणि कुणी विचारायचं नाही. महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांचं वेळापत्रक पावसाळ्याआधी जाहीर करते, ते नोटीस बोर्डावर लावा. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी समुद्रात जात नाही, आणि कुर्ला-सायनचे रूळ पाण्याखाली जातात. दुपारी सोडायची वेळ आली तर लांबचे आधी: कल्याणच्या पुढचे, वसई-विरारचे, पनवेलचे. जो निघाला आणि गाडी बंद पडल्यामुळे अडकला, त्याची पूर्ण हजेरी. यात पुरावा मागू नका. गाड्या बंद आहेत हे सगळ्या शहराला माहीत असतं.

रात्रीच्या कामाचा नियम एका ओळीचा आहे. रात्री नऊनंतर निघालेल्याने दुसऱ्या दिवशी १२ पर्यंत आलं तरी चालेल, सामायिक वेळेतली ती तूट माफ. ही ओळ नसेल तर बाकीचं सगळं कागदावर राहतं.

आता तो चौथा, रोज तासभर उशिरा येणारा. मोठी खिडकी दिल्यावर तो उठून दिसतो, हा या रचनेचा मोठा फायदा. आधी खोलीत बोलावून विचारा, सगळ्यांसमोर नको. कारण खरं असेल तर त्याची खिडकी चार आठवड्यांसाठी बदलून बघा, तारखेनिशी. तरीही तेच चाललं तर लेखी समज, मग खुलासा मागणारं पत्र, मग चौकशी. वारंवार उशिरा येणं हे आदर्श स्थायी आदेशांतही, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या नोकरीच्या नमुना नियमांतही, गैरवर्तनात मोडतं, म्हणजे कारवाईचा रस्ता आहे, फक्त पायऱ्या गाळता येत नाहीत. आणि चौकशीत टिकतं ते तारीखवार लिहिलेलं. 'हा नेहमीच उशिरा येतो' हे टिकत नाही.

मालकांना एकदम सगळं मान्य करायला सांगू नका. एका विभागावर आठ आठवडे करून दाखवा, आणि पाऊस मध्ये येणार असेल तर सप्टेंबरनंतर सुरू करा, नाहीतर आकड्यांत पाऊसच दिसेल. सुरुवातीलाच चार आकडे लिहून ठेवा: आठवड्याचे सरासरी भरलेले तास, हाफ डेंची संख्या, १० ते ११ मध्ये न उचललेले फोन, आणि राजीनामे. रेल्वेचंच उदाहरण द्या. गर्दीची वेळ विखुरण्यासाठी मध्य रेल्वेने २०२३ मध्ये स्वतःच्या मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेगळ्या वेळा लागू केल्या आणि शहरातल्या इतर संस्थांनाही तसं करायची विनंती केली. म्हणजे ज्यांच्याकडे गाड्यांचा हिशेब आहे, त्यांनाही हाच रस्ता दिसतो.

एक गोष्ट धोरणात लिहिता येत नाही, पण त्यावाचून सगळं कोसळतं. ९ ला आलेली मुलगी पावणेसहाला बॅग उचलते आणि कुणीतरी म्हणतं, 'काय, आज हाफ डे?' तिसऱ्यांदा ऐकलं की ती ९ ला येणं सोडते. सातपर्यंत बसलेला तो मेहनती आणि लवकर निघालेली ती कामचुकार, ही समजूत वरिष्ठांच्या डोक्यातून काढावी लागते, आणि वर्षाच्या मूल्यमापनात ती डोकावतेय का हे तुम्हालाच तपासावं लागेल. मीटिंगा ११ च्या आधी आणि ५ च्या नंतर नकोत. मालकांनी स्वतःही पंच करावं. सक्ती नाही करता येणार, पण त्यांनी केलं तर बाकी समजावणं निम्म्याने कमी होतं.

धोरण एका पानाचं ठेवा, मराठीतही द्या, आणि सगळ्यांची सही घ्या. त्याच दिवशी मागच्या चार महिन्यांत कापलेल्या अर्ध्या दिवसांचा हिशेब काढा: प्रत्यक्षात बुडालेली मिनिटं किती, कापले किती. मधला फरक पुढच्या पगारात परत करा, आणि पगाराच्या स्लिपवर त्याची वेगळी ओळ दाखवा.