कटला, रोहू आणि मृगळ नुसत्या मापांवरून ओळखता येतात का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या प्रकल्पासाठी हे तीन मासे मोजायचेत, तर नेमकं काय मोजायचं आणि त्यावरून जात सांगता येते का. येते. मात्र कच्च्या सेंटिमीटरवर जाऊ नका. दीड किलोचा रोहू आणि पाऊण किलोचा कटला शेजारी ठेवले तर लांबीवरून काहीच कळत नाही. डोकं, अंगाची उंची, डोळा ही मापं एकूण अंगाच्या कितवा हिस्सा आहेत ते बघायचं.

एम.एस्सी.ला असताना मी भिगवणच्या मासळी बाजारात पहाटे मासे मोजत बसायचो. उजनीचा माल तिथे उतरतो. पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. शिंप्याची टेप माशाच्या अंगावरून लावली. अंगाचा फुगवटाही लांबीत धरला गेला, आणि कटला सर्वांत फुगीर, म्हणून चूकही त्याच्याच मापात जास्त. त्यात माझा जोडीदार शेपटीच्या टोकापर्यंत मोजत होता आणि मी शेपूट जिथे सुरू होते तिथपर्यंत. दोन वह्यांचे आकडे जुळेनात, सगळं पुन्हा मोजलं. तेव्हा एका फळीला पट्टी ठोकून घ्या, मासा आडवा ठेवा, तोंड पट्टीच्या शून्यावर टेकवा आणि सरळ रेषेत वाचा. कुठली लांबी घेतली ते रकान्याच्या डोक्यावर लिहा.

आता फरक. कटल्याचं डोकं थोराड, शेपूट सोडून घेतलेल्या लांबीच्या जवळपास तिसरा हिस्सा. रोहू-मृगळाचं चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून लहान. (म्हणूनच आपल्याकडचं गिऱ्हाईक ‘डोक्याचेच पैसे घेता’ म्हणून कुरकुरतं, बंगाली गिऱ्हाईक त्याच डोक्यासाठी येतं.) मृगळ सडपातळ, त्याच्या अंगाची उंची डोक्याच्या लांबीइतकीच भरते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूच्या ओठाला झालर असते आणि तो मधल्या थरात चरतो. मृगळ तळाचा. अंगावरच्या आडव्या रेषेवरचे खवले मोजण्यात मात्र सकाळ घालवू नका, तिघांचेही साधारण चाळीस ते पंचेचाळीसमध्येच येतात.

लहान-मोठे मासे एकत्र करून सरासरी काढू नका. पिल्लाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो, वाढीबरोबर हे प्रमाण घटतं. आकाराचे गट पाडा.

वजनही घ्या, बर्फात जाण्याआधी, पाणी निथळून. ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणून लांबीच्या (सेंमी) घनाने भागलं की अंगलटीचा आकडा मिळतो, म्हणजे लांबीच्या मानाने मासा किती भरलेला ते. समजा ५० सेंमीचा रोहू १६०० ग्रॅम भरला, तर १.२८. तेवढ्याच लांबीचा कटला २२०० भरला, तर १.७६. पावसाळ्याच्या तोंडावर गाभोळीने भरलेली मादी आली तर हा आकडा उगाच चढतो, म्हणून नर-मादी नोंदवा.

आणि एखादा मासा कुठल्याच गटात बसला नाही, डोकं कटल्यापेक्षा लहान पण अंग रोहूपेक्षा रुंद, तर तुमचं मोजमाप चुकलंच असं समजू नका. मत्स्यबीज केंद्रांत या दोघांचा संकर होतो. असा मासा वेगळ्या ओळीत लिहा, फोटो काढा, सरासरीत धरू नका.