ग्रामपंचायतीच्या पाणी तक्रारींचा डॅशबोर्ड करायचाय, पहिल्यांदाच करतोय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

लुकर स्टुडिओ घ्या, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि गुगल शीट सरळ जोडता येते, पॉवर बीआय डेस्कटॉपही फुकट आहे पण फक्त विंडोजवर आणि ऑफिसात इतरांना शेअर करायचं म्हटलं की सहसा लायसन्स लागतं. मी ग्रामपंचायतीच्या लोकांना हेच शिकवते, खरा वेळ शीट नीट करण्यातच जातो: एका ओळीत एकच तक्रार, तारखा एकाच फॉरमॅटमध्ये, आणि वाडीचं नाव कायम एकसारखं, नाहीतर 'वरची आळी' आणि 'वरचीआळी' असे दोन वेगळे बार येतात. सुरुवातीला वाडीचा ड्रॉपडाउन आणि एक बार चार्ट, बास झालं. फक्त तक्रारदारांची नावं, मोबाइल नंबर असलेली शीट जोडू नका, डाउनलोड बंद केलं नसेल तर बघणारा चार्टमधला डेटा उतरवून घेऊ शकतो.