हेंपची पेंड गाईला चालेल का? आधी कोणतं हेंप ते पाहा

प्रश्न : हेंपच्या पेंडीने दूध वाढतं असा व्हिडिओ पाहिला. हेंप म्हणजे तागच ना? आमच्याकडे तागाचं दोन पोती बियाणं पडून आहे. ते भरडून गाईंना घालू का? सरकी पेंड बंद करता येईल का? बांधावर भांगही उगवते, ती कापून घातली तर? (पाच संकरित गाई, औसा तालुका)

उत्तर : तागाचं बी घालू नका. त्यात यकृताला बाधणारी अल्कलॉइडं असतात, आणि बियाणं औषध लावलेलं असेल तर विषयच संपला. घोटाळा नावाचा आहे. ताग म्हणजे सनहेंप, अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेंप म्हणतात, आणि व्हिडिओतलं हेंप म्हणजे भांगेच्या कुळातलं, नशेचं द्रव्य नगण्य असलेलं वाण. तिन्हींपासून वाख निघतो, एवढंच साम्य. बी तळहातावर घेऊन बघा : तागाचं चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, काळपट, अंबाडीचं तिकोनी, राखी, भांगेचं गोलसर, वर जाळीदार ठिपके.

आता खऱ्या हेंपच्या पेंडीबद्दल. तेल काढल्यावर उरणाऱ्या या पेंडीत प्रथिनं साधारण ३० ते ३५ टक्के असतात. त्यांचा बराच भाग कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) न फुटता पुढे आतड्यात पोचतो, म्हणून दुधाळ जनावराला ती कामाची. सरकीतलं गॉसिपॉल हे बाधणारं द्रव्य तिच्यात नाही. पण टरफलामुळे तंतू भरपूर, लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी, आणि घाण्याच्या पेंडीत १० टक्क्यांच्या आसपास तेल राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात ती लवकर खवट होते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये गाई-म्हशींच्या एकूण खाद्यात ५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. दिवसाला १२ किलो कोरडं खाणाऱ्या गाईला म्हणजे ६०० ग्रॅमच्या आत. तेवढ्यावर सरकी बंद होत नाही, थोडी कमी होईल इतकंच.

परवडतं का, हे प्रथिनाच्या भावावर ठरवा. टरफलासकट सरकी पेंडीत साधारण २२ टक्के प्रथिनं. ती ३५ रुपये किलो धरली तर एक किलो प्रथिन १५९ रुपयांना पडतं. ३२ टक्क्यांची हेंप पेंड ५१ रुपयांपर्यंत मिळाली तरच बरोबरी. त्याहून महाग असेल तर व्हिडिओवाल्याकडेच राहू द्या. घेतलीच, तर प्रथिनं आणि टीएचसी (भांगेतलं नशेचं द्रव्य) यांचा तपासणी अहवाल मागा. बियांच्या आत टीएचसी नसल्यात जमा असतं, पण बोंडाचा चिकट राळ साफसफाईत राहिला की ते पेंडीत उतरतं. आणि नवी पेंड आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

बांधावरच्या भांगेला मात्र हात लावू नका. जर्मनीत दुभत्या गाईंना औद्योगिक हेंपचा मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. फुलं-पानं असलेला मुरघास सुरू करताच गाईंचं खाणं आणि दूध घटलं, त्या जांभया देऊ लागल्या, चाल अडखळली, आणि टीएचसी दुधात उतरलं. कमी नशेच्या हेंपचं हे असं, तर बांधावरच्या भांगेचा काय भरवसा? लागवडीचं म्हणाल, तर परवान्याशिवाय तो १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे.

तुमचं तागाचं बी वाया जाणार नाही. उगवण तपासून पावसाळ्याच्या सुरुवातीला एकरी २० ते २५ किलो पेरा आणि फुलोरा येताच, ४५ दिवसांच्या सुमारास, हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडा.