अँटिबायोटिकसोबत मिळालेली प्रोबायोटिकची बाटली रोज घेतली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की अँटिबायोटिकने जुलाब लागले म्हणून बॅसिलस क्लॉसी नावाच्या प्रोबायोटिकच्या (म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंच्या औषधाच्या) छोट्या बाटल्या मिळाल्यात, त्यावर चक्क जिवाणू असं लिहिलंय, तर प्यायचं का आणि बरं वाटलं तर कायमच चालू ठेवायचं का.

प्या की, पण कायमचं कशाला?

मी डॉक्टर नाही, गेल्या पावसाळ्यात पोराचं पोट बिघडलं तेव्हा हे सगळं शिकलो. एन्टेरोजर्मिना वगैरे नावाने मिळते ती ही ५ मिलीची प्लास्टिकची कुपी, आत २०० कोटी स्पोअर, म्हणजे जिवाणू टणक कवच घालून झोपलेले असतात. त्यामुळे पोटातल्या अॅसिडमध्येही टिकतात आणि फ्रीज लागत नाही. (लॅक्टोबॅसिलस या दुसऱ्या प्रोबायोटिकच्या बऱ्याच कॅप्सूलना लागतो, पाकीट वाचा.) आधी नीट हलवायची, तळाला बारीक कण दिसतात ते खराब झाल्याचे नाहीत, मग टोक पिळून तोडायचं आणि पाण्यात नाहीतर दुधात ओतायचं. चव जवळपास नसतेच, आमच्या पोराला दुधातलं कळलंसुद्धा नाही. अँटिबायोटिकच्या दोन डोसच्या मधल्या वेळात द्यायचं. आणि ती कुपी दिसायला डिट्टो इंजेक्शनसारखी आहे, माझी आई तर सिरिंज कुठेय विचारत होती, पण हे फक्त तोंडाने घ्यायचं, टोचायचं अजिबात नाही.

आता खरं सांगायचं तर जुलाबात जीव वाचवतं ते ओआरएस, लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस. ही बाटली जोडीला. तिने जुलाब थोडे लवकर थांबतील, कदाचित नाहीही थांबणार. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने तर २०२० मध्ये तिकडच्या मुलांच्या साध्या जुलाबाला प्रोबायोटिक नकोच असं सांगितलं. आमच्याकडे उलटंच झालं, मी बाटल्या वेळेवर देत बसलो आणि ओआरएसचं पाकीट तसंच पडून, पोराची शू कमी झाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, डॉक्टरांनी यावरून चांगलंच झापलं.

धडधाकट माणसाला यातून बहुधा काही होत नाही, झालंच तर थोडे गॅस. पण केमो चालू असेल, इम्युनिटी दाबायची औषधं असतील, मानेतून मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) घातलेली असेल किंवा बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर विचारल्याशिवाय नकोच, कारण अशांच्या रक्तात हे जिवाणू गेल्याच्या केसेस झाल्यात. अशाच दुसऱ्या एका प्रोबायोटिकवरून २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कमी दिवसांच्या बाळांबद्दल इशाराही दिला होता.

जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर बाटल्या मोजत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. तसं काही नसेल तर अँटिबायोटिकचा कोर्स संपून पोट ताळ्यावर आलं की हे बंद. पुढे रोज काही घ्यावंसंच वाटलं तर जेवणात वाटीभर घरचं दही घ्या, त्यात नेमके कोणते जिवाणू किती हे कुणी मोजत नाही, पण खिशालाही परवडतं आणि भातावर छान लागतं.