मेडिकलमध्ये गोळ्या तर कोणीही काढून देतं, मग फार्मासिस्ट कशाला लागतो?

तुम्ही विचारलंय की चिठ्ठी दाखवली की मेडिकलवर कामाला असलेला मुलगाही गोळ्या काढून देतो, मग फार्मासिस्टचं वेगळं काम काय, आणि ते काम मनापासून करणारं कुणी आम्ही पाहिलंय का.

मी पाहिलंय. मी स्वतः फार्मासिस्ट आहे, जालन्याची. डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या, ट्रेनिंगला मी ज्यांच्या हाताखाली होते ते काका काही वर्षांपूर्वी वारले. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण आयुष्यभर त्यांना ते कुठे यावंसं वाटलं नाही. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. मुसलमान गिऱ्हाइकं चाचा म्हणायची, खेड्यावरची म्हातारी माणसं अजूनही कंपाउंडरसाहेब म्हणायची.

नियम आधी सांगून टाकते. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. दुकानात मदतनीस असू शकतो, पण देखरेख फार्मासिस्टची हवी. असं का, हे मला काकांकडे पाहून समजलं.

ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागले तेव्हा तयार सिरपं फार नसायची. मिक्श्चर तिथेच बनायचं, पुड्या खलात घोटून कागदात बांधायच्या. मिक्श्चरच्या बाटलीवर ते कागदाची पट्टी लावायचे. लांब पट्टी कापायची, तिच्या सारख्या घड्या घालायच्या, कात्रीने कडेला तिरका काप द्यायचा. उलगडली की सारख्या अंतरावर खाचा पडलेल्या असायच्या. मग ती खळीने बाटलीवर उभी चिकटवायची. एक खाच खाली उतरली की एका वेळचं औषध झालं. वाचता न येणाऱ्या बाईलासुद्धा हे चटकन समजायचं. पुढे काका डिप्लोमा करून रीतसर फार्मासिस्ट झाले, मिक्श्चरचे दिवस गेले, पण मी शिकायला गेले तेव्हाही एखादी आजी दिसली की ते सिरपच्या बाटलीवर पट्टी लावून द्यायचे. मला पहिल्यांदा त्यांनी शिकवलं ते हेच. मी भराभरा कापलेल्या पट्टीच्या खाचा लहानमोठ्या झाल्या, तर ती त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बेटा, ही मोठी खाच म्हणजे एका लेकराला जास्त गेलं."

जालन्यात मिशनचं काम जुनं आहे. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे इकडे आले. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल हे गाव वसवलं. काकांचं घराणं त्याच ख्रिस्ती मंडळीतलं. गाणं त्यांच्या घरात आजोबांपासून होतं आणि काका लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात. औषध आणि गाणं या दोन गोष्टींखेरीज त्यांना तिसरं काही सुचत नसे. काकू म्हणायच्या, "ह्यांना भाजी आणायला पाठवलं तर वाटेत कुणाची तरी चिठ्ठी वाचत उभे राहतात."

माझं घर वारकरी. मी पहिल्यांदा काकांच्या चर्चला गेले ती नाताळच्या उपासनेला, ट्रेनिंगमधल्या मैत्रिणींबरोबर. विलायती चालीवरची चार आवाजांतली गाणी झाली, त्यात काका टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या, रांगेत. मग पेटी, तबला, टाळ पुढे आले आणि भजन सुरू झालं, तेव्हा मी चमकले. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भजनं लिहिली, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नंतर वडिलांना घेऊन गेले. ते आमच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. उपासना संपल्यावर ते आणि काका चर्चच्या पायरीवर बसून लय कुठे ओढायची आणि कुठे सोडायची यावर कितीतरी वेळ बोलत होते.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ज्यात आहे ती गोष्ट.

काकांना ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी एनालाप्रिल सुरू केलं. पुढे महिना-दीड महिन्याने उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, गाण्यांचे सराव चालू झाले. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना चालते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं आणि मधूनमधून संथ, लांब श्वासाची गाणी असतात. काकांना ओळ धरली की ढास लागायची. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा खोकला. उन्हाळा आहे, धूळ आहे, असं सगळे म्हणत राहिले. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला. मग एका संध्याकाळी काउंटरवर स्वतःच्याच गोळीची पट्टी हातात घेऊन ते थांबले.

एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशा ज्या 'प्रिल'वाल्या गोळ्या आहेत, त्यांनी काही जणांना कोरडा खोकला येतो. ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ शरीरात एरवी मोडला जातो, या गोळ्यांमुळे तो साठतो आणि श्वासनलिकेला खवखव सुटते. हा परिणाम पुस्तकात छापलेला आहे, परीक्षेला विचारतात, मीही पाठ केला होता. काका दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळी बदलून लोसार्टन दिली, ती 'प्रिल'वाली नाही. खोकला लगेच गेला नाही. अशा वेळी आठवडे लागतात. त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी काका रांगेत उभे राहून फक्त ओठ हलवत होते. ईस्टरनंतर आवाज मोकळा झाला.

तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. कुणीही खोकल्याची बाटली मागितली की विचारायचं, बीपीची गोळी चालू आहे का? आणि कुणी 'प्रिल'वाली गोळी मागितली की विचारायचं, खोकला येतो का?

बदनापूरकडचे एक बापू होते, गावच्या भजनी मंडळातले. मी काउंटरला होते. ते म्हणाले, "गेल्या खेपेची खोकल्याची बाटली द्या."

काका आतून बाहेर आले. "कितवी बाटली ही, बापू?"

"कोण मोजतंय! दसऱ्यापासून चालूच हाय. आता तर अभंग उचलायचा म्हटलं का ढास लागती. पोरं म्हणत्यात, बापू तुम्ही टाळ घ्या नुसता."

"कफ पडतो का?"

"नाय. कोरडाच. घशात कुसळ गेल्यावानी."

"दुसरी गोळी कोणती चालू आहे?"

बापूंनी बंडीच्या खिशातून घडी पडलेली पट्टी काढली. एनालाप्रिल. खोकला दसऱ्याला सुरू झालेला आणि गोळी त्याच्या थोडी आधी.

काकांनी बाटली दिली नाही. पांढऱ्या कागदावर डॉक्टरांना चार ओळी लिहिल्या: आपल्या रुग्णास सदर गोळी सुरू झाल्यानंतर कोरडा खोकला आहे, कृपया पाहावे. आणि बापूंना तीनतीनदा बजावलं की डॉक्टर बघेपर्यंत गोळी थांबवायची नाही, बीपी चढलं तर ते खोकल्यापेक्षा वाईट. बापू लोसार्टनच्याच जातीच्या टेल्मिसार्टनची चिठ्ठी घेऊन परत आले. पुढे कधीतरी माळकऱ्यांच्या घोळक्यातून दवाखान्यासमोरून जाताना त्यांनी लांबूनच हात जोडले आणि गळ्याला हात लावून दाखवला. काका दिवसभर खुश होते.

काकांनी अशा चिठ्ठ्या लिहिणं सगळ्याच डॉक्टरांना आवडायचं असं नाही. एका डॉक्टरांनी काकांच्याच कागदाच्या मागे 'तुम्ही आपलं दुकान सांभाळा' असं लिहून पाठवलं होतं. काकांनी तो कागद फाइलला लावला आणि पुढच्या वेळी गरज पडली तेव्हा त्याच डॉक्टरांना पुन्हा लिहिलं, तितक्याच अदबीने. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला, तो आजही वाटतो.

दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ते एका छोट्या मेडिकलवर बसू लागले, मीही पुढे तिथेच नोकरीला लागले. तिथली एक आजी आठवते. तिला सांधेवाताची मेथोट्रेक्सेट होती. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी बनणंच थांबतं, माणूस दगावू शकतो. आजीला वाचता येत नव्हतं, घरात दिवसभर कोणी नसायचं. काकांनी तिला अख्खी पट्टी दिलीच नाही. चार गोळ्या कापून पाकिटात घातल्या आणि विचारलं, "आजी, रविवारी आमच्या चर्चची घंटा तुमच्या घरी ऐकू येते ना? घंटा वाजली की यातली एक. बाकी दिवस पाकिटाला हात लावायचा नाही." महिन्याने रिकामं पाकीट घेऊन यायचं, मग पुढच्या चार. एखाद्या महिन्यात रविवार पाच आले की ते आधीच पाच घालून ठेवायचे.

२०१३ चा उन्हाळा मराठवाड्यातलं कुणी विसरणार नाही. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरवर. लहान मुलांची जुलाबाची औषधं आणि अँटिबायोटिकची ड्राय सिरपं धडाधड जायची. ड्राय सिरपच्या बाटलीत पावडर असते. तिच्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पातळी खाली जाते, मग पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. हे दुसरं भरणं लोक विसरतात, आणि मग प्रत्येक चमच्यात औषध ठरल्यापेक्षा जास्त जातं. टँकरचं पाणी थेट ओतणारेही होते. काकांनी घरून उकळलेल्या पाण्याचा थर्मास आणायला सुरुवात केली. प्रत्येक बाटली ते काउंटरवर स्वतः तयार करायचे, गर्दी कितीही असो, आणि झाकणावर तारीख घालायचे, सात दिवसांत संपवायची म्हणून. ओआरएसच्या पाकिटावरही एकच प्रश्न: घरात एक लिटर मोजायला काय आहे? पाण्याची बाटली नसेल तर दुकानातली रिकामी एक लिटरची बाटली धुऊन द्यायचे. अर्ध्या तांब्यात अख्खं पाकीट कालवलं तर जुलाब वाढतात, लेकरू जास्त कोरडं पडतं.

गायक म्हणून ते मोठे होते का? एकट्याने गायला ते कधी पुढे आले नाहीत. त्यांचं मोल मला कळलं ते कबरस्तानात. दफनविधीला पेटी नसते. कुणीतरी सूर धरायचा आणि सगळ्यांनी उचलायचा. मंडळीत कुणीही गेलं तरी हे काम काकांचं. चर्चमध्ये गातात त्यापेक्षा ते बराच खालचा सूर धरायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, रडून रडून बायकांचे गळे बसलेले असतात, म्हाताऱ्या माणसांना वर जाता येत नाही, आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांनाही दोन ओळी म्हणता आल्या पाहिजेत. सूर धरण्याआधी ते घरच्यांकडे एकदा बघून घ्यायचे.

काकांच्या दफनाला मी होते. एका तरुण मुलाने गाणं उचललं, मनापासून, पण सूर वर लागला. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचे आवाज फाटले आणि गाणं थांबलं. काकू पुढे उभ्या होत्या. त्यांनीच पदर सारखा करून खालच्या सुरात पहिली ओळ परत धरली, मग सगळे आले. बदनापूरचे बापू आले होते. ख्रिस्ती गाणं त्यांना येत नव्हतं, ते मागे उभं राहून हलकेच टाळी देत होते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गोळी काढून देणं कुणालाही जमतं. ही गोळी या माणसाच्या घरात, त्याच्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर, त्याला जेवढं वाचता येतं तेवढ्यात नीट जाईल का, हे बघायला शिकलेलं माणूस लागतं. दुकानात फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. ते बघा आणि त्या नावाचं माणूस हजर आहे का ते बिनधास्त विचारा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, आयुर्वेदिकसुद्धा. आणि तुमच्या घरात कुणाला 'प्रिल'वाली गोळी चालू असेल आणि न जाणारा कोरडा खोकला असेल, तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा.